हळव्या पोटाचा स्वयंपाक: फोडणी जमली, मेतकूट मार्गी लागलं

मागच्या नोंदीत वाटणातून कांदा काढण्यापर्यंत मजल गेली होती. आता लसणाचं कोडं सुटलंय.

माझं पोट मिरचीपेक्षा कांदा-लसणाला जास्त कुरकुरतं. आयबीएस (आतडी हळवी असल्याने वारंवार पोट बिघडण्याचा त्रास) असलेल्या पुष्कळांचं असंच असतं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टॅन नावाचं एक कर्बोदक असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि पोट फुगतं. पण फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून लसूण ठेचून थंड तेलात टाकते, मंद आचेवर ठेवते, पाकळ्यांच्या कडा सोनेरी झाल्या की सगळ्या झाऱ्याने निपटून काढते आणि मगच त्या तेलात मोहरी-जिरं घालते. आमटीला लसणाचा वास अगदी खमंग येतो. रश्शात लसूण उकळून नंतर काढला तर उपयोग नाही, तोवर फ्रुक्टॅन पाण्यात उतरलेलं असतं. हे तेल करून ठेवू मात्र नका. लसूण मुरलेलं घरगुती तेल बाहेर राहिलं तर त्यात बोट्युलिझमचे (गंभीर अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. लागेल तेवढंच, त्या वेळेपुरतं करा. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग वापरते.

हिंगाची डबीही वाचून घ्या. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते. मी खडा हिंग आणते, चमचाभर तुपात फुलवते आणि कुटते.

या खेपेला सगळ्यात जास्त जीव लावला तो मेतकुटात. नेहमीच्या मेतकुटात हरभरा डाळ आणि गहू असतात, ते दोन्ही वगळले. तांदूळ आणि मूगडाळ जास्त, उडीदडाळ थोडी. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण मूगडाळ लवकर लाल होते आणि तांदूळ फुलायला वेळ घेतो. धने, जिरं, सुंठ, मेथीचे मोजके दाणे, हळद, हिंग, आणि सगळं गार झाल्यावर बारीक दळायचं. मऊ भात, वर तूप, मीठ आणि हे मेतकूट. आजारपणाचं जेवण म्हणून याला खालच्या पंक्तीत बसवतात, ते मला पटत नाही. चव पूर्ण आहे.

डाळींमध्ये धुतलेली मूगडाळच सोसते. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायची. वायू धरणाऱ्या साखरा बऱ्याच त्या पाण्याबरोबर जातात. राजमा आणि छोले मी सध्या बाजूलाच ठेवलेत.

आपल्याकडे नैवेद्याच्या ताटात कांदा-लसूण नसतोच, गोड्या मसाल्यातही नसतो. त्यामुळे मूगडाळीची आमटी, दोडका, बटाट्याची सुकी भाजी, कोकमाचं सार हे सगळं आयतं जमतं. पुरणपोळीत मात्र हरभरा डाळ आणि कणीक दोन्ही, ती नाही.

हॉटेलात 'जैन' सांगून निश्चिंत होऊ नका. कांदा नसतो, पण ग्रेव्ही दाट करायला काजू आणि क्रीम घालतात, तेही अनेकांना बाधतं. मी इडली आणि ओल्या नारळाची चटणी मागवते, सांबार राहू देते.

पुढे आंबोळी करून बघणार आहे. तांदूळ-उडदाचं पीठ पुरतं आंबलेलं आणि कमी आंबलेलं यांत पोटाला फरक पडतो का, ते तपासायचंय. कोणी करून पाहिलं असेल तर प्रमाण कळवा.