'--नो-रेफलॉग' चा पॅच वाचताना स्टॅश आठवला पाहिजे

गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 'गिट रेफ्स मायग्रेट' म्हणून कमांड आहे, ती ब्रँच-टॅगसारखी नावं (रेफ्स) साठवायची पद्धत बदलते. तिला 2025 मध्ये एक छोटासा ऑप्शन जोडला गेला, '--नो-रेफलॉग', म्हणजे ती नावं कधी कुठे हलली त्याच्या नोंदी (रेफलॉग) टाकून द्या. ज्या पॅचने (कोडमधल्या बदलाने) तो आला तो पॅच मी आणि ऑफिसमधली एक नवीन मुलगी ओळ न ओळ वाचत बसलो, रिव्ह्यू आपल्याकडेच आलाय असं धरून. आमच्या सर्व्हरवरचे रेपो (प्रोजेक्टची गिट-फोल्डरं) याच कमांडने नव्या पद्धतीत हलवायचेत आणि हा ऑप्शन वापरायचा की नाही ते आम्हालाच ठरवायचं होतं. जिथे काहीतरी पुसलं जाणार आहे तिथे तरी कोड स्वतः वाचूनच पुढे जावं असं माझं ठाम मत आहे, चेंजलॉगमधली एक ओळ वाचून नाही.

हलवायचंच का, तर आमची कंपनी नाशिकला अंबडमध्ये, काम मुख्यतः द्राक्षाच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर, पिंपळगाव-दिंडोरीकडचे क्लायंट, आणि निम्मी टीम विंडोजवर. गिट 2005 पासून प्रत्येक ब्रँच ही डॉट-गिटच्या आत एक छोटी फाईल म्हणून ठेवत आलंय. आता एकाने ब्रँचचं नाव कॅपिटल डी ने सुरू केलं आणि दुसऱ्याने तेच नाव स्मॉल डी ने, तर लिनक्सच्या सर्व्हरवर त्या दोन ब्रँच सुखाने नांदतात पण विंडोजवर फाईल एकच, मग फेच करताना (सर्व्हरवरून बदल आणताना) जी भांडणं होतात ती आम्ही बरीच सोसलीयेत. शिवाय खूप रेफ्स झाले की गिट ते 'पॅक्ड-रेफ्स' या एका फाईलीत गोळा करतं आणि त्यातली एक ब्रँच काढायची म्हटलं तरी अख्खी फाईल परत लिहावी लागते.

यावर उपाय म्हणजे रेफटेबल, रेफ्स साठवायचा नवा फॉरमॅट. मूळ डिझाईन शॉन पिअर्स यांचं, 2017 मधलं, जेगिट या जावामधल्या गिटसाठी. मूळ गिटमध्ये ते यायला एप्रिल 2024 उजाडलं, व्हर्जन 2.45, आणि जुना रेपो त्यात हलवायची 'मायग्रेट' कमांड 2.46 ला, जुलै 2024 मध्ये. तेव्हा रेपोत रेफलॉग असेल तर ती कमांड सरळ नकार द्यायची, जानेवारी 2025 च्या 2.48 पासून रेफलॉगसुद्धा बरोबर हलवायला लागली. आणि मग हा पॅच, की हलवायला येतं ते ठीक पण नको असेल तर टाकून देता यावं.

त्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पण रेफलॉग टाकून कोण देईल?" रास्त प्रश्न आहे. ब्रँच म्हणजे सातबारा, आज नाव कोणाचं लागलंय ते, आणि रेफलॉग म्हणजे त्याच्या फेरफार नोंदी, आधी कुठल्या कमिटवर (कोडच्या साठवलेल्या टप्प्यावर) होतं, मग कुठे गेलं, कोणी हलवलं, कधी, कशामुळे. चुकून हार्ड रीसेट मारला किंवा रीबेस बिघडला की आपण तिथेच धाव घेतो. डीफॉल्टने या नोंदी 90 दिवस राहतात, आणि ज्या कमिटपर्यंत आता ब्रँचवरून पोचता येत नाही त्यांच्या 30 दिवस.

पण सर्व्हरवर गोष्ट वेगळी. बेअर रेपोत, म्हणजे ज्यात कामाच्या फाईली नसतात, फक्त इतिहास असतो अशा रेपोत, रेफलॉग मुळात बंदच असतो, कोणी मुद्दाम चालू केला तरच. पॅचमागचं कारणही हेच आहे की सर्व्हरवरच्या रेपोत रेफलॉग अपेक्षित नसतात, तर असलेले टाकता यावेत. आमच्याकडे असे रेपो निघाले. पूर्वी कोणाच्या तरी लॅपटॉपवरचं डॉट-गिट फोल्डर उचलून सर्व्हरवर ठेवलं आणि कॉन्फिगमध्ये बेअर करून टाकलं, त्याबरोबर लॉग्जचं फोल्डरही आलं. त्यात नोकरी सोडून गेलेल्या लोकांची नावं, ईमेल, आणि ज्या कमिटचा आता कोणालाच उपयोग नाही अशा कमिटकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, आणि रेफलॉग बोट दाखवतोय तोवर ते ऑब्जेक्ट जीसी (गिटची साफसफाई) काढत नाही, म्हणजे डिस्कही अडते. अशा ठिकाणी ऑप्शन उपयोगाचा आहे, यात वाद नाही.

कोड बघायला गेलं तर इतका छोटा की पाच मिनिटात होतो. रेफ्स एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये नव्या फॉरमॅटने लिहायचे, रेफलॉगवरून लूप फिरवून तेही लिहायचे, मग जुनं काढून नवं जागेवर आणायचं, कॉन्फिगमध्ये फॉरमॅट नोंदवायचा. पॅचने केलं काय तर त्या रेफलॉगच्या लूपभोवती एक 'इफ' घातला आणि एक फ्लॅग वाढवला. आतल्या फ्लॅगचं नाव 'स्किप', बाहेरच्या ऑप्शनचं 'नो-रेफलॉग', आणि हे मला आवडलं कारण गिटचा ऑप्शन वाचणारा कोड 'नो-' ने सुरू होणारं नाव दिसलं की उलटं 'रेफलॉग' हे रूपही आपोआप स्वीकारतो, म्हणजे कोणाच्या स्क्रिप्टमध्ये आधी 'नको' लिहिलेलं असेल तर पुढे 'हवा' लिहून ते परत फिरवता येतं. डीफॉल्ट पण बरोबर ठेवलाय, काही न सांगितल्यास सगळं हलतं. पुसणारी गोष्ट मागितल्याशिवाय होऊ नये, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

आता मुख्य मुद्दा. मी तिला म्हटलं, अगं, रेफलॉग आणखी कोण वापरतं ते शोध, नुसती 'गिट रेफलॉग' कमांड नाही. थोडा वेळ कोडमध्ये सर्च करत होती आणि मग एकदम म्हणाली, "स्टॅश!"

स्टॅश म्हणजे अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायची सोय, आणि गिटच्या आत ती म्हणजे 'रेफ्स/स्टॅश' नावाचा एकच रेफ. तो फक्त सगळ्यात वरच्या स्टॅशकडे बोट दाखवतो. त्याच्या खालचे सगळे, स्टॅश एक, स्टॅश दोन, हे वेगळे कुठेच साठवलेले नसतात, ते त्या रेफच्या रेफलॉगमधल्या नोंदी असतात. 'गिट स्टॅश लिस्ट' तोच रेफलॉग छापून दाखवते. म्हणजे कामाच्या रेपोत '--नो-रेफलॉग' देऊन मायग्रेट केलं तर ब्रँच सगळ्या जागेवर, टॅग जागेवर, कमांडने एरर दिली नाही, आणि स्टॅशची यादी मात्र रिकामी. वरचा एक रेफच्या नावाने हाती लागतो. बाकीच्यांचे कमिट डेटाबेसमध्ये असतात खरे पण त्यांच्याकडे बोट दाखवणारं कोणी उरत नाही, 'गिट एफएससीके' या तपासणीच्या कमांडने चाळून काढावे लागतात आणि तेही जीसीने साफ करायच्या आत, डीफॉल्ट मुदत दोन आठवड्यांची.

आणि हे गिटला माहीत नाही असं नाही. रेफलॉग एक्स्पायर करणाऱ्या कोडमध्ये स्टॅशसाठी खास अपवाद आहे, कॉन्फिगमध्ये काही दिलं नसेल तर स्टॅशच्या नोंदी कधीच एक्स्पायर होत नाहीत. म्हणजे एका ठिकाणी ज्यांनी विचार केला की हा रेफलॉग इतिहास नाही, हा लोकांचा डेटा आहे, तोच विचार मायग्रेटच्या ऑप्शनलाही लागू पडतो. तिचं म्हणणं पडलं की इथेही स्टॅशला वगळायचा अपवाद टाकायला हवा होता. मला ते पटत नाही. ऑप्शन म्हणतो रेफलॉग टाका, तर त्याने टाकावेत, अर्धे टाकून अर्धे ठेवले तर पुढचा माणूस आणखी गोंधळेल. पण मॅन्युअलमध्ये जिथे हा ऑप्शन समजावलाय तिथे स्टॅशचं नाव घेऊन एक वाक्य हवं, आणि टेस्टमध्येही स्टॅश असलेला रेपो हवा, म्हणजे हे वागणं ठरवून केलंय हे दिसेल. रिव्ह्यू खरंच माझ्याकडे असता तर मी ही दोनच टिपणं लिहिली असती आणि कोडला हात लावला नसता.

तुम्ही करणार असाल तर आधी 'गिट रेफलॉग लिस्ट' चालवा, 2.45 पासून आहे, कुठल्या कुठल्या रेफला रेफलॉग आहे ते सांगते. त्यात स्टॅश दिसला तर थांबा. '--ड्राय-रन' पण आहे, तो नवं फॉरमॅट तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार करून तसंच ठेवतो, उघडून बघता येतं. जादा वर्कट्री (कामाची आणखी फोल्डरं) जोडलेले रेपो ही कमांड हलवत नाही. हलवल्यावर जुनं गिट तो रेपो उघडणार नाही, त्यामुळे आधी सगळ्यांचं व्हर्जन बघून घ्या, बॅकअपच्या मशीनचंसुद्धा.

आणि मायग्रेशन चालू असताना कोणी पुश केलं तर ते थांबवायची सोय कमांडमध्ये नाही, मॅन्युअल स्पष्ट सांगतं की लिहिणं तुम्हीच वरून बंद ठेवा, शेड्यूल्ड मेंटेनन्स लावला असेल तर तोही काढा. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हे शक्यच नाही, पॅकहाऊस रात्रंदिवस चालू, रात्री अकराला सुद्धा कोणीतरी लेबलचा फिक्स पुश करत असतो. सर्व्हर बघणारे आमचे काका पहिल्यापासून म्हणतायत पावसाळ्यात करू, गाड्या लागायच्या बंद झाल्या की, आणि ते बरोबर आहे.

तर ठरलंय असं, बेअर रेपो पावसाळ्यात '--नो-रेफलॉग' लावून हलवायचे, आधी पूर्ण कॉपी काढून. एका क्लायंटच्या रेपोत ऑडिटसाठी रेफलॉग मुद्दाम चालू ठेवलाय, तो ऑप्शनशिवाय, नोंदींसकट. लॅपटॉपवरचे ज्याने त्याने आपले हलवावेत, त्यासाठीच्या स्क्रिप्टमध्ये हा ऑप्शन नसेल, आणि ती स्क्रिप्ट सध्या तीच मुलगी लिहितेय, पहिली टेस्ट तिने तीन स्टॅश असलेल्या रेपोवर लावलीये.