जुनी वेबसाइट म्युझियममध्ये लावायची म्हणजे नक्की काय लावायचं? माझा अनुभव

नव्वदच्या दशकातली एक इंटरनेट-कलाकृती आमच्या म्युझियमच्या संग्रहात आली आणि प्रदर्शनात ती चालू अवस्थेत लावायचं काम माझ्याकडे आलं. कलाकाराने सगळ्या फाइल्सची झिप दिलेली, त्यामुळे वरच्यांना वाटलं की झालं, सर्व्हरवर टाका आणि स्क्रीन लावा. टाकली. तर पहिल्याच पानावर 'तुमचा ब्राउझर चालणार नाही', कारण कोड आधी ब्राउझर कोणता ते तपासतो आणि त्याच्या यादीत आजचा एकही नाही. तो भाग बाजूला केला तर पुढे पॉप-अप ब्लॉक, पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या म्हणजे जावा अ‍ॅपलेटच्या जागी नुसती मोकळी जागा, गेस्टबुकची (भेट देणाऱ्यांनी अभिप्राय लिहायची जागा) सर्व्हरवर चालणारी पर्ल स्क्रिप्ट त्या झिपमध्ये नव्हतीच, आणि बाहेरच्या एका लिंकवर क्लिक केलं तर थेट जुगाराची साइट, कारण ते डोमेन मधल्या काळात कुणीतरी घेतलेलं.

म्हणजे फाइल्स होत्या, कलाकृती नव्हती.

मग कलाकाराशी सविस्तर बोलणं झालं, आणि माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, टूल्स नंतर बघता येतात. काय बदललं तर चालेल आणि काय अजिबात नाही, हे आधीच विचारून लिहून ठेवायचं ही पद्धत न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमच्या व्हेरिएबल मीडिया उपक्रमातून आलीय. त्यात कलाकाराला चार पर्याय विचारतात: नुसतं साठवायचं, जुनं मशीन इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) उभं करायचं, नव्या तंत्रात हलवायचं की नव्याने घडवायचं. आमच्या कलाकाराला रंग थोडे इकडेतिकडे झाले तरी चालणार होते, पण फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरला पाहिजे यावर ते अडून बसले. मोडेमच्या काळात ते वाट बघणं कामाचाच भाग होतं, आजच्या नेटवर फोटो धाडकन येतो आणि सगळी मजाच जाते.

आधी इतरांनी काय केलंय तेही बघितलं. शू ली चेंग यांच्या 'ब्रँडन' या वेब-कलाकृतीतले (1998-99) जावा अ‍ॅपलेट गुगनहाइमने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मदतीने आजच्या ब्राउझरला चालतील अशा कोडमध्ये बदलून घेतले. न्यूयॉर्कच्याच व्हिटनी म्युझियमने डग्लस डेव्हिस यांच्या 1994 च्या सामूहिक वाक्याच्या (वेबवर कुणीही पुढे लिहीत जायचं असं एक न संपणारं वाक्य) 2013 मध्ये दोन आवृत्त्या ठेवल्या, एक जुनी, तुटक्या लिंकांसकट, आणि एक चालू, जिच्यात लोक पुढे लिहू शकतील. मला व्हिटनीचा हा दोन आवृत्त्यांचा मार्ग जास्त प्रामाणिक वाटला, तोच धरला.

एक प्रत इम्युलेटरमध्ये, जुन्या विंडोजवर त्या काळचा नेटस्केप ब्राउझर, नेटचा स्पीड मुद्दाम 56 के मोडेमइतका बांधलेला. दुसरी आजच्या ब्राउझरसाठी, अ‍ॅपलेटचं काम जावास्क्रिप्टमध्ये, मूळ कोड मात्र शेजारी जसाच्या तसा. बाहेरच्या ज्या लिंकांची जुनी पानं वेब अर्काइव्हमध्ये मिळाली ती वार्क (WARC, वेबपानं जतन करायचा फाइल-प्रकार) फॉरमॅटमध्ये ठेवून तिकडे वळवली, बाकीच्या तुटक्याच राहू दिल्या, उगाच खोटं काही भरलं नाही.

प्रदर्शनात वेगळंच नाटक. लोक जुन्या जाड मॉनिटरवर टचस्क्रीनसारखं बोट फिरवायला लागले, माउस समोर असूनही! अ‍ॅड्रेस बार लपवा असं डिझायनरचं म्हणणं होतं, मी नाही म्हटलं, कारण पत्ता दिसला नाही तर ते भिंतीवरचं चलचित्रच होतं. नेट बंद ठेवायचं का यावरही वाद झाला. 1997 च्या 'डॉक्युमेंटा' या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात नेट-आर्ट ऑफिससारख्या खोलीत ऑफलाइन दाखवलं होतं आणि त्यावर कलाकारच नाराज झाले होते, हे सांगितल्यावर शेवटी आजच्या ब्राउझरवाल्या प्रतीला नेट मिळालं.

आता फाइलमध्ये कोड, कलाकाराची मुलाखत, इम्युलेटरची डिस्क आणि चालू अवस्थेतलं स्क्रीन रेकॉर्डिंग आहे. दरवर्षी डोमेनचे पैसे कोणी भरायचे ते तेवढं ठरलेलं नाही, आयटीवाले म्हणतात संग्रहाचा खर्च आणि संग्रहवाले म्हणतात आयटीचा.