दुपारी बंद पडणारा पंप

जत तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेतला ३ एचपीचा सौर पंप सकाळी चालायचा, संध्याकाळीही चालायचा. ऐन दुपारी मात्र दर दहा-बारा मिनिटांनी बंद पडायचा. पंप पुरवणाऱ्या कंपनीने लांबूनच आकडे बघून ‘बोअरला पाणी कमी आहे’ असं सांगितलं आणि तक्रार मिटवून टाकली. ग्रामीण भागातले सौर उद्योजक हा माझ्या पीएचडीचा विषय, म्हणून पंप बसवणाऱ्या आयटीआय झालेल्या तरुणाबरोबर मी तिथे गेले होते.

बोअरचा संशय निराधार नव्हता. दुपारी उपसा वाढतो, पाणी खाली जातं आणि पंप कोरडा चालू नये म्हणून असलेलं ‘ड्राय रन’चं संरक्षण पंप थांबवतं. पण पंप चालवणाऱ्या कंट्रोलरवर ड्राय रन येतच नव्हतं, अंडर-व्होल्टेज, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा इशारा येत होता. कुणी शेतावर येऊन ते वाचलं असतं तरी पुरे होतं.

३३५ वॉटची ९ पॅनल दोन रांगांत, पण सगळी एका सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली. एका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (प्रवाह वाहत नसतानाचं) साधारण ४६, म्हणजे एकूण ४१४. पॅनल तापली की त्यातले दहाएक टक्के उतरतात. मीटरवर ३७४ आले, म्हणजे बरोबर. इथेच भलेभले फसतात, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंप सुरू करून वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावल्यावर खरं दिसलं: प्रवाह ५ अँपिअरच्या पुढे जाईना, तेवढ्यात व्होल्टेज कोसळून कंट्रोलर बंद. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-तीन अँपिअरच वाहतात, तेवढं तो जोड सोसत होता.

आधी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच बंद केला. चालू लोडवर एमसी४ (सौर वायरी जोडणारा) कनेक्टर ओढला तर डीसीचा आर्क, म्हणजे ठिणगीची ज्वाळा लवकर विझत नाही. मग दोन्ही रांगा जोडणाऱ्या केबलवर हात फिरवला, तर एका कनेक्टरचं प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. आतली पिन पकडीने दाबलेली होती, पिन तारेवर घट्ट आवळणाऱ्या क्रिंपिंग टूलने नाही. पकडीने पिन चपटी होते, तारेचे पदर सैल राहतात, जोड तापतो, काळा पडतो आणि आणखी तापतो. नवा कनेक्टर बसवायला वीस मिनिटं लागली. प्रवाह ७ अँपिअरच्या वर गेला आणि पाईपला धार लागली.

ती पिन त्या तरुणानेच दाबली होती आणि त्याने ते लगेच कबूल केलं. चांगलं टूल दीड-दोन हजारांचं. तेव्हा आधीच्या पंपांचे पैसे कंपनीकडे अडकले होते, म्हणून त्याने ते घेतलं नाही. माझ्या प्रश्नावलीत याला ‘कौशल्याचा अभाव’ म्हणतात. हे मला मान्य नाही. त्याला काम येतं, खेळतं भांडवल नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के हिस्सा भरतो, आणि ५ वर्षं दुरुस्तीची हमी मिळते. हमी कंपनीची, पण फटफटी काढून साठ किलोमीटर जातो हा, आणि त्या फेरीचे वेगळे पैसे त्याला नाहीत. केनियात एम-पेसा या मोबाईलवरच्या पैसे-सेवेतून हप्त्याहप्त्याने पैसे घेणाऱ्या सौर कंपन्यांचं गणित वेगळं आहे. तिथे यंत्र बंद पडलं की गिऱ्हाईक हप्ता थांबवतं, त्यामुळे दुरुस्तीला माणूस पाठवणं कंपनीलाच परवडतं. आपल्याकडे पंप बसला, बिल निघालं, की तो बंद पडल्याने शेतकऱ्याखेरीज कुणाचंही उत्पन्न थांबत नाही. दोष इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं.

परतताना त्याने मोबाईलमधली यादी काढली. टूल घेण्याआधी बसवलेले पंप ३१. पॅनलच्या स्वतःच्या वायरींचे कनेक्टर कारखान्यातूनच क्रिंप होऊन येतात, शेतावर दाबल्या जातात त्या चारच पिना: दोन रांगांमधल्या केबलच्या दोन, कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरींच्या दोन. म्हणजे १२४ जोड. पुढच्या उन्हाळ्याआधी ते सगळे बदलायचे असं त्याने ठरवलंय, स्वतःच्या खर्चाने. कनेक्टरची पिशवी त्याने वाटेतच विकत घेतली.