अण्णांच्या बीपीचं वेबिल

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रकाने आखायचा हात अजून तसाच आहे. किडनीच्या डॉक्टरांनी "घरी बीपी मोजून लिहून आणा" म्हटल्यावर वही त्यांनीच आखली : तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, शेरा. वहीला नावही त्यांनीच दिलं, वेबिल, म्हणजे कंडक्टर फेरीतल्या तिकिटांचा हिशेब लिहितो तो तक्ता. मशीन लावायचं काम माझ्याकडे, म्हणजे मुलीकडे.

मधुमेहामुळे त्यांचा किडनीविकार पाचपैकी तिसऱ्या टप्प्यात आहे. बीपी वाढलं की किडनीतल्या बारीक गाळण्या खराब होतात आणि त्या खराब झाल्या की अंगात मीठ-पाणी साठून बीपी आणखी चढतं. यातलं बहुतेकदा काहीच जाणवत नाही. मशीनवर 170 दिसत असतं आणि अण्णा विचारतात, "मटकी भिजत घातली का गं?"

म्हणूनच अधूनमधून दवाखान्यात एकदा मोजून भागत नाही असं माझं ठाम मत झालंय. जिना चढून, बाकावर ताटकळून, नंबर लागल्या लागल्या पट्टा आवळला तर आकडा जास्त येणारच. काहींचं उलट असतं, दवाखान्यात छान आणि घरी चढलेलं. हे जास्त वाईट, कारण ते लपून राहतं. किडनीविकारावर काम करणाऱ्या 'केडीगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2021 मध्ये, डायलिसिसवर नसलेल्या प्रौढ रुग्णांचा वरचा आकडा झेपत असेल तर 120 च्या खाली ठेवावा असं सुचवलं. पण तो आकडा शांत बसवून, नीट पद्धतीने मोजलेल्या बीपीसाठी आहे. घाईत घेतलेल्या आकड्यावर गोळ्या वाढवल्या तर म्हातारा माणूस उठताना चक्कर येऊन पडायचा. घरच्या मोजणीत साधारणपणे सरासरी 135/85 किंवा त्याहून वर गेली तर बीपी जास्त धरतात. आपल्या माणसाचा आकडा मात्र डॉक्टरच ठरवतात.

आमच्याकडे सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी मोजतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प बसायचं. अण्णांना हेच सगळ्यात जड जातं, त्यामुळे टीव्ही बंद आणि आईला स्वयंपाकघरातून हाक मारायला बंदी. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी पुन्हा तसंच. तपासणीच्या आधी आठवडाभर हे चालतं. पट्टा दंडाला पुरेसा मोठा हवा, लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं.

खरी कमाई शेऱ्याच्या रकान्यात आहे. "पुतणीच्या लग्नात जेवलो." "लोणचं." "झोप नाही." "गुडघ्याची गोळी घेतली." ही शेवटची नोंद वाचून डॉक्टर थांबले. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीलाही इजा करतात. नुसत्या आकड्यांवरून त्यांना हे कळलं नसतं, कदाचित बीपीची आणखी एक गोळी वाढली असती. मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पापड, भडंग, खर्डा सगळं आलं. कोल्हापुरात राहून हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण म्हणून 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही.

उलट्या-जुलाब झाले किंवा आकडा नेहमीपेक्षा फारच खाली आला, तर आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना बीपीच्या काही गोळ्या किडनीला त्रासदायक ठरू शकतात. मनाने बंद मात्र काही करत नाही. आणि ज्यांच्या हातात डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) आहे, त्यांनी त्या हाताला पट्टा कधीच बांधू देऊ नये, नर्सने घाईत हात पुढे ओढला तरी सांगायचं.

आता पुढच्या भेटीत 24 तासांच्या मशीनबद्दल विचारणार आहे. झोपेत बीपी उतरायला हवं, पण किडनीच्या अनेक रुग्णांत ते उतरत नाही आणि आमच्या वहीत रात्रीचा रकानाच नाही. अण्णांची तयारी आहे. रात्री पट्टा आपोआप आवळत राहणार हे आईला मात्र अजून पटवायचंय.