सिव्हिलायझेशन ६ मध्ये जंगल वेळेवर तोडायला मी कसा शिकलो

सिव्हिलायझेशन ६ हा शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम. त्यात इम्मॉर्टल या अवघड लेव्हलवर मी लागोपाठ पाच डाव हरलो. पाचही वेळा हरताना माझ्या राजधानीभोवतीचं जंगल जसंच्या तसं उभं होतं. मी ते मुद्दाम राखलं होतं. पुढे लाकूडगिरण्या टाकू तेव्हा कामी येईल, असा हिशेब. तो हिशेब कुठे चुकत होता हे कळायला मला जवळजवळ एक अख्खा हंगाम लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही चोपडा तालुक्यातले. घरी केळी आणि कापूस. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन मळ्यातल्या खोलीत मुक्काम करतो. दर दीड तासानं उठून ठिबकचा कॉक फिरवायचा. अशा रात्रींना टर्नवर चालणारा खेळच सोयीचा पडतो. आपण टर्न दिल्याशिवाय समोरचा हलत नाही. मोटर बघून या, पायाचा चिखल धुवा, डाव होता तिथंच असतो.

जंगल राखायची सवय मला जुन्या खेळातून लागली. जळगावला कॉलेजात असताना आम्ही रूमवर सिव्हिलायझेशन ४ खेळायचो, बियाँड द स्वॉर्ड ही वाढीव आवृत्ती असलेलं. त्यात एक जंगल तोडलं की २० हातोडे, म्हणजे बांधकामाला लागणारं प्रॉडक्शन, मिळायचे आणि गणिताचा शोध लागला की त्याच जंगलाचे ३० व्हायचे. शिवाय उभं जंगल शहराला आरोग्य द्यायचं आणि शेजारच्या मोकळ्या जागेत कधीकधी आपोआप पसरायचं. तिथं थोडं थांबण्यात खरंच फायदा होता.

६ मध्ये हाच मोह जास्त मोठा आहे. इथं बिल्डर, म्हणजे जमिनीवर काम करणारा मजूर, एका झटक्यात जंगल साफ करतो आणि प्रॉडक्शन लगेच शहरात जमा होतं. मिळणारा आकडा आपण किती शोध आणि सिव्हिक (समाज-संस्कृतीतले टप्पे) पूर्ण केले त्यावर वाढत जातो. सुरुवातीला २० च्या थोडा वर, पुढे शंभराच्या पार. मग माणूस म्हणतो, आज पंचवीस आणि थांबलो तर शंभर, मग आज कशाला हात लावायचा?

उत्तर मला बागेत मिळालं. दुपारी आबांबरोबर पील कापत होतो. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, हिरवीगार, तजेलदार. एक चांगलं पील मी सोडून पुढे सरकलो, वाटलं राहू द्यावं, पुढे खोडव्याला, म्हणजे त्याच बुडातून घ्यायच्या पुढच्या पिकाला होईल. आबा मागून आले, वाकले, विळ्यानं ते जमिनीलगत उडवलं आणि म्हणाले, "येळवर पील कापं नही ते घड भरस नही, भाऊ." खोडव्यासाठी पील ठेवायचं ते घड निसवल्यावर, त्याच्या वेळेला. आत्ता ते राहिलं तर मुख्य झाडाचं अन्न खातं. मी तिथंच उभा राहिलो, कारण माझ्या डोळ्यांपुढे पाचव्या डावातली राजधानी आली. तिशीतला टर्न, नवं शहर वसवणारा सेटलर तयार व्हायला अजून अकरा टर्न बाकी, आणि चहूबाजूंनी जंगल.

शंभराचा आकडा खरा आहे, पण तो येईपर्यंत सगळंच महागलेलं असतं. दर सेटलरमागे पुढच्या सेटलरची किंमत वाढते, बिल्डरचीही वाढते. आणि जमीन तोवर शिल्लक राहत नाही. डेइटी या सगळ्यात अवघड लेव्हलवर तर कॉम्प्युटर तीन सेटलर घेऊनच सुरुवात करतो. तिसाव्या टर्नला वसलेलं शहर पुढचे सगळे टर्न धान्य, विज्ञान, सोनं देत राहतं. ऐंशीव्या टर्नला त्याच जागी दुसऱ्याचा झेंडा असतो.

दुसरं म्हणजे, खेळाला शेवट आहे. स्टँडर्ड वेगावर ५०० टर्न झाले की गुणांवर निकाल लागतो, आणि बहुतेक डाव त्याच्या कितीतरी आधी संपतात. शेवटी उभ्या राहिलेल्या जंगलाचं कुणी काही देत नाही. शेतीला असा पाचशेवा टर्न नाही. आमच्या पट्ट्यात बोअर दरवर्षी खोल चाललेत, आणि खेळातला हिशेब कुणी पाण्याला लावला तर मी त्याला हात जोडून थांबवेन. दोन्ही गोष्टी मला एकाच रात्री, एकाच खोलीत बसून कराव्या लागतात, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सहावा डाव मी वेगळा खेळलो. खाणकामाचा शोध लवकर घेतला, कारण त्याशिवाय साधं जंगल तोडता येत नाही. पावसाळी जंगलाला ब्राँझ लागतं, दलदलीला सिंचन. मग अर्ली एम्पायर या सिव्हिककडे धावलो. त्यातून एकदम दोन गोष्टी मिळतात. कॉलनायझेशनचं धोरण-कार्ड, म्हणजे सेटलरवर ५० टक्के जादा प्रॉडक्शन. आणि गव्हर्नरचं एक पद. ते मी मॅग्नस या गव्हर्नरला दिलं, कारण तो ज्या शहरात बसतो तिथं जंगल किंवा रिसोर्स तोडल्यावर ५० टक्के जास्त मिळतं.

मॅग्नसला शहरात जम बसवायला पाच टर्न लागतात, आणि खरी परीक्षा त्या पाच टर्नांची. बिल्डर तयार असतो, त्याच्या हाताशी तीन चार्ज, म्हणजे तीन कामं करायची ताकद असते, जंगल समोर असतं आणि बोट बटणाकडे जातं. मी थांबलो. पाचवा टर्न संपला, सेटलर रांगेत लावला आणि पहिलं जंगल तोडलं. तीसच्या आसपास मिळायचे ते मॅग्नसमुळे ४५ झाले, कार्डामुळे सेटलरच्या खात्यावर ६७ च्या आसपास पडले. दुसरं तोडलं आणि पुढच्या टर्नला सेटलर बाहेर. तिसऱ्या चार्जवर पुढचा सेटलर अर्ध्यावर आला. ५० प्रॉडक्शनचा बिल्डर, आणि त्यानं किती परत दिलं बघा. त्या रात्री कॉक फिरवायला मी वीस मिनिटं उशिरा गेलो.

साठाव्या टर्नला माझी सहा शहरं होती. आधीच्या कुठल्याच डावात चारच्या वर गेलो नव्हतो.

सगळंच साफ करायचं नाही, हे मात्र त्याच डावात शिकलो. दर दोन पावसाळी जंगलांमागे शेजारच्या कॅम्पसला (शहराचा विज्ञानाचा भाग) एक विज्ञान मिळतं, दर दोन साध्या जंगलांमागे होली साइटला (धर्माचा भाग) एक श्रद्धा. अशी जागा असेल तर ती झाडं तोडू नका. टेकडीवरचं जंगलही मी शेवटी घेतो, कारण तिथं काम करणारा माणूस रोज चांगलं प्रॉडक्शन आणतो. आधी घ्यायचं ते सपाटीवरचं, आणि त्यातही जिथं पुढे डिस्ट्रिक्ट, म्हणजे कॅम्पससारखा शहराचा भाग, बांधायचं आहे तिथलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण यात माझं खूप नुकसान झालंय: जंगल उभं असताना त्यावर डिस्ट्रिक्ट टाकलं तर जंगल जातंच, आणि हातात काही पडत नाही. आधी बिल्डर, मग डिस्ट्रिक्ट.

हाच नियम गहू, तांदूळ, दगड, गुरं अशा बोनस रिसोर्सला लागतो. लक्झरी (चैनीच्या) आणि स्ट्रॅटेजिक (लष्करी कामाच्या) रिसोर्सला बिल्डर असा हात लावू शकत नाही. माझ्या तिसऱ्या शहरात कॅम्पससाठी सगळ्यात चांगली जागा नेमकी केळीची होती. हो, खेळात केळी आहेत, बोनस रिसोर्स म्हणून. तोडल्यावर एकदम धान्य मिळतं आणि शहराची लोकसंख्या वाढते. बाग मोडताना पोटात काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे दोन टर्न मी दुसरी जागा शोधली. मिळाली नाही. तोडली. शहर एका माणसानं वाढलं आणि कॅम्पस उभा राहिला.

तो डाव मी विज्ञानाच्या विजयानं जिंकला. सकाळी आबा चहाचा थर्मास घेऊन मळ्यात आले तेव्हा यान सुटत होतं. त्यांनी वाकून बघितलं, "हाई काय शे?" विचारलं. मी सांगितलं, तुम्ही सांगितलेलं पील कापलं. ते हसले आणि स्टार्टर बंद करायला गेले.

आता डेइटी सुरू आहे. काल रात्री चाळिसावा टर्न होता. मॅग्नसचा जम बसायला दोन टर्न बाकी, बिल्डर जंगलाच्या कडेला उभा, आणि पूर्वेकडून शेजाऱ्याचा सेटलर मला हव्या असलेल्या नदीकाठाकडे निघालेला. कॉक फिरवायची वेळ झाली, म्हणून डाव तसाच ठेवून उठलो.