श्रावणात अजिंठा: दरीला पैकीच्या पैकी, चित्रांना नाही

पावसाळ्यात अजिंठ्याला जाऊ नकोस, असं चौघांनी बजावलं होतं. तरी गेलो. दरीच्या बाबतीत चौघेही चुकले, चित्रांच्या बाबतीत मात्र त्यांचं बरोबर निघालं.

जळगावहून एसटीने फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरलो. पुढचे चारेक किलोमीटर तिथल्याच बसने जायचं. वाघूर फुगली होती, सप्तकुंड धबधब्याचा आवाज दरीभर घुमत होता.

१७ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत जिथे चित्राचा पोपडा निघालाय, तिथे जरा थांबा. कडेला आतला गिलावा दिसतो: माती, तूस, गवताचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. आजोळच्या कुडाच्या भिंतीचीच जात! पावसात कातळाच्या भेगांतून पाणी पाझरतं, माती ओल धरते. उन्हाळ्यात सुकून आकसते. दीड हजार वर्षं हेच चाललंय. त्यात तूस म्हणजे किडीला आयतं खाणं. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडलेत, तिथे कीड कमी लागली म्हणतात. अजिंठ्याच्या कारागिरांना ही युक्ती सुचली नसावी.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे भिंतीला धरून ठेवले, हे उपकारच. पण वरून दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं.

आणि आपण? १ नंबरमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर आमची दाटी, निम्म्यांच्या अंगावर निथळते रेनकोट. पाच मिनिटांत माझा चष्मा धुरकटला. काचेवर बसली तीच वाफ भिंतीवरही बसत असणार. चपला बाहेर काढतोच, रेनकोटही तिथेच ठेवावा. मला हे सुचलं दुसऱ्या लेण्यात.

चित्रांसाठीच जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी नऊला उघडताच १, २, १६, १७ उरका. २६ मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध दगडातला आहे, तो गर्दीतही निवांत बघता येतो. फ्लॅश चालत नाही. मोबाईलचा टॉर्चही नको, दोन मिनिटं उभं राहिलं की डोळे सरावतात. समोरच्या व्ह्यू पॉइंटची वाट पावसात निसरडी असते, चांगले बूट घाला.

लेण्यांतली फरशी ओली असते. परतीच्या एसटीत मी मोजे पिळत बसलो होतो, तेव्हा एक जोड जास्तीचा न्या.