तुम्ही विचारलंत म्हणून: ढोलाचा तास शाळेत कशाला?

मी घानाच्या राजधानीत, अक्रामधल्या शाळेत गणित शिकवते. सुट्टीत पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "तिथे म्हणे ढोल वाजवायचा, नाचायचा रीतसर तास असतो. त्यात शिकवण्यासारखं काय आहे?"

पहिल्यांदा त्या तासाला बसले, तेव्हा सरांनी मला ढोल दिलाच नाही. हातात ठेवली गान्कोगुई, लोखंडाची जोडघंटी. एवे लोकांचं अग्बाद्झा हे नाच-वादन चाललं होतं. बारा मात्रांचं आवर्तन, त्यात घंटीचे सात ठोके, तेही सारख्या अंतरावर नाहीत. शेजारी सहावीतली मुलगी आक्सात्से वाजवत होती, म्हणजे मण्यांची जाळी घातलेला भोपळा. मांडीवर पडला की 'पा', वर तळहाताला लागला की 'टी'. पलीकडे तीन ढोल: कागानू, किदी आणि सगळ्यांना चालवणारा सोगो. पाचव्या आवर्तनाला माझा ठोका सरकला आणि सगळेच डळमळले. सर थांबले नाहीत. समोर येऊन नाचू लागले, कमरेत किंचित वाकून, कोपरं पंखासारखी हलवत. त्यांच्या पायांकडे बघत राहिले आणि ठोका जागेवर आला. पावलं चार, ठोके सात, दोन्ही त्याच बारा मात्रांत! अपूर्णांक शिकवताना मी आता हेच टाळ्यांवर करून घेते.

लेझीम खेळलेल्यांना हे पटेल. हात आणि पाय वेगळे शिकवून लेझीम येत नाही. म्हणून नाच वगळून फक्त वादन शिकवणं मला मान्य नाही. स्नेहसंमेलनापुरता दहा मिनिटांचा 'आयटम' बसवणं तर नाहीच नाही.

हा तास सुखासुखी मिळालेला नाही. ख्रिस्ती झालेल्यांनी ढोलापासून लांब राहावं, असा मिशनऱ्यांचा दंडक होता. घानाचे संगीतकार एफ्राइम आमू अक्रोपाँगच्या अध्यापक विद्यालयात आफ्रिकी संगीत शिकवत, देशी वस्त्र नेसून चर्चमध्ये उपदेशाला उभे राहत. १९३३ साली त्यांची नोकरी गेली. पुढे अचिमोटाच्या शाळेने त्यांना घेतलं. आजही काही पालक ढोलाला देवाधर्माच्या भीतीने नाही म्हणतात. सर त्यांना तासाला बोलावतात, भोपळा हातात देतात.

ती सहावीतली मुलगी यंदा किदीवर गेली. घंटी तिच्या धाकट्या भावाकडे आलीय. तो आधी पावलं टाकतो, मग पहिला ठोका देतो.